हॅना चेकर एचआय ७०१: नळाच्या पाण्याला पुरतो, माशांच्या पाण्याला नाही

ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे, थेंब पाण्यात टाकून पिवळा रंग डोळ्यांनी जुळवणाऱ्याला ०.२ आणि ०.४ मधला फरक संध्याकाळच्या उजेडात सांगता येत नाही. मुठीत मावणारा हा चेकर, म्हणजे रंगावरून क्लोरीन मोजणारं छोटं यंत्र, ०.०० ते २.५० पीपीएमपर्यंतचा (मिलिग्रॅम प्रतिलिटर) मुक्त, म्हणजे अमोनियाशी न जोडलेला, क्लोरीन ०.०१ च्या पायरीने दाखवतो. अचूकता ±०.०३ पीपीएम, वर वाचनाच्या ३ टक्के. म्हणजे पडद्यावर ०.५० आलं तर खरा आकडा ०.४५ ते ०.५५ च्या आत धरायचा. जागतिक आरोग्य संघटना क्लोरीन मिसळून किमान ३० मिनिटं झाल्यावर ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि वापरणाऱ्याच्या नळाला किमान ०.२ मागते. तेवढं तपासायला हे यंत्र चोख आहे.

आत डीपीडी या रंग देणाऱ्या रसायनाची पद्धत आहे. पावडर मुक्त क्लोरीनला भेटली की लगेच गुलाबी होते आणि ५२५ नॅनोमीटरच्या एलईडीच्या प्रकाशाने यंत्र त्या रंगाची गडदता मोजतं. ओटीत मुक्त आणि संयुक्त (अमोनियाशी जोडलेला) क्लोरीन दोन्ही पिवळेच दिसतात आणि पहिले काही सेकंद हुकले की कोणाचा रंग किती ते कळत नाही. डीपीडीकडे वळायला माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे.

कृती सोपी आहे. कुपीत १० मिलिलिटर नमुना घ्या, झाकण लावा, बाहेरून पुसा आणि यंत्रात ठेवून शून्य करा. शून्यासाठी शुद्ध पाणी घेऊ नका, तपासायचं तेच पाणी घ्या, म्हणजे त्याचा मूळ रंग आणि गढूळपणा वजा होतो. मग कुपी काढून तिच्यात डीपीडी पावडरची पुडी रिकामी करा, २० सेकंद हलक्या हाताने हलवा, कुपी परत ठेवा आणि बटण दाबून धरा. मिनिटभर उलटी मोजणी होऊन आकडा येतो. कुपीच्या काचेला चिकटलेला एक बुडबुडा किंवा बोटाचा ठसासुद्धा आकडा हलवतो. कुपीवर एक खूण करून दोन्ही वेळा ती त्याच दिशेला ठेवली तर वाचनं एकमेकांना धरून येतात.

ते एक मिनिट काटेकोर पाळा. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीनचे क्लोरामाइन बनलेले असतात आणि तेही डीपीडीला हळूहळू रंग आणतात. पाच मिनिटांनी वाचलेला ‘मुक्त’ क्लोरीन म्हणूनच फुगलेला असतो. ऑक्सिडीकरण झालेलं मँगनीज, ब्रोमीन आणि ओझोनही हाच गुलाबी रंग देतात.

सर्वांत घातक चूक उलट्या बाजूची आहे. क्लोरीन साधारण १० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या पलीकडे गेला की डीपीडीचा रंगच उडतो. पावडर पडताना क्षणभर गुलाबी चमक दिसते, मग पाणी रंगहीन, आणि पडद्यावर शून्याच्या आसपासचा आकडा. टाकीत जास्त ब्लीचिंग पावडर पडलेली असताना हा शून्य पाहून कोणी आणखी डोस टाकला तर काय होईल, ते उघड आहे. नाकाला उग्र वास येतोय आणि यंत्र शून्य म्हणतंय, असं झालं तर १ मिलिलिटर नमुन्यात ९ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालून पुन्हा मोजा आणि आकडा दहाने गुणा.

खोट्या शून्याचा दुसरा उगम नमुन्याची बाटली. जंतुपरीक्षणाच्या निर्जंतुक बाटलीत क्लोरीन मारायला आधीच थायोसल्फेट घातलेलं असतं. तिच्यातलं पाणी चेकरला दिलं तर शून्यच येणार. क्लोरीन नळाखालीच मोजावा. उन्हात ठेवलेला नमुना दर मिनिटाला क्लोरीन गमावतो.

एकूण, म्हणजे मुक्त अधिक संयुक्त, क्लोरीनसाठी याच मालिकेतला एचआय ७११ वेगळा घ्यावा लागतो, ही मला खटकणारी उणीव. दोन्ही असतील तर कुप्या वेगवेगळ्या ठेवा. एकूण क्लोरीनच्या पावडरीत आयोडाइड असतं. त्याचा अंश कुपीत राहिला तर पुढच्या चाचणीत संयुक्त क्लोरीन मुक्त म्हणून मोजला जातो.

पाण्याची मारकशक्ती मात्र हा आकडा सांगत नाही. सामू ७.५ ला मुक्त क्लोरीनपैकी निम्मा प्रभावी हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. पावडर नमुन्याचा सामू स्वतःच ६.३ च्या आसपास आणते, म्हणून दोन्ही पाण्यांना यंत्र एकच आकडा देतं. सामू वेगळा मोजलाच पाहिजे.

आता नाल्यात, तळ्यात सोडायच्या पाण्याकडे येऊ. गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे निकष एकूण शिल्लक क्लोरीनचे आहेत: तासाभराची सरासरी ०.०१९ आणि चार दिवसांची ०.०११ मिलिग्रॅम प्रतिलिटर. या यंत्राची अचूकताच ±०.०३ आहे, शिवाय ते क्लोरामाइन मोजत नाही आणि क्लोरामाइनही माशांना घातक असतात. म्हणून ०.०० दिसलं की पाणी सोडायला हरकत नाही, असा अर्थ कुणी काढू नये. तिथे अँपेरोमेट्रिक टायट्रेशन, म्हणजे विजेच्या प्रवाहावरून शेवटचा बिंदू ओळखणारी प्रयोगशाळेतली पद्धत, लागतं.

क्लोरीन उतरवताना डोस मात्र चेकरच्या आकड्यावरून काढता येतो, पाण्यात अमोनिया नसेल तर. १००० लिटरमध्ये ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर असेल तर सगळा मिळून क्लोरीन अर्धा ग्रॅम. त्याला थायोसल्फेटचे, म्हणजे हायपोचे, खडे वजनाच्या सातपट, साडेतीन ग्रॅम; एस्कॉर्बिक आम्ल अडीचपट, सव्वा ग्रॅम. एस्कॉर्बिकने सामू थोडा उतरतो. सल्फाइट वापरलं तर जादा डोस पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन खातो, म्हणून ते मोजूनमापूनच टाकावं.

खर्च खरा पुड्यांचा. सोबत येणाऱ्या मोजक्याच चाचण्यांना पुरतात. मोठा साठा करण्याआधी मुदतीची तारीख बघा, पुड्या दमटपणापासून जपा आणि पावडर गोळा झालेली किंवा तपकिरी पडलेली पुडी वापरू नका.