सहायक बॅटरीच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

कॅलिफोर्नियात विजेवर चालणारे ट्रक घेऊन रानात मुक्कामाला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढत आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ट्रकची मुख्य बॅटरी कितीही मोठी असली तरी ती परतीच्या प्रवासासाठी राखावी लागते. शिवाय ट्रक बंद करून तो 'झोपी गेला' की मागच्या बाजूची १२ व्होल्टची जोडणीही बंद पडते आणि फ्रीज थांबतो. म्हणून मी फ्रीज, दिवे आणि फोन यांच्यासाठी १०० अँपिअर-अवर क्षमतेची (म्हणजे पाच अँपिअरचा भार वीस तास चालवू शकणारी) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वेगळी बसवून घेण्याचे ठरवले. लॉस एंजेलिसच्या एका उपनगरातील कारागिराने बॅटरी, डीसी-डीसी चार्जर (ट्रकच्या विजेवरून ही बॅटरी योग्य दाबाने चार्ज करणारे उपकरण) आणि तांब्याच्या तारा असे मिळून १,४५० डॉलर सांगितले, आणि बिल नको असेल तर दीडशे डॉलर कमी करतो म्हणाला. माझ्या पत्नीने तेव्हाच भुवया उंचावल्या होत्या. मी मात्र तेराशे डॉलर रोख मोजले.

मला खात्री पटावी म्हणून त्याने मीटर लावून १३.३ व्होल्ट दाखवले, आणि फसवणुकीचे सारे मर्म इथेच आहे. या प्रकारच्या बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ रिकामी होईपर्यंत फारसा उतरत नाही, त्यामुळे व्होल्टेजवरून ती मोठी आहे की निम्मी, हे कळूच शकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातील जंबो रॉक्स येथे उतरलो. तिथे नळही नाही आणि विजेची जोडणीही नाही. दिवसाला साधारण ६०० वॉट-अवर खर्च धरला, तर १२.८ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर-अवर, म्हणजे १,२८० वॉट-अवरमध्ये दोन दिवस निघायला हवे होते. दुसऱ्या दिवशी दुपारीच फ्रीज बंद पडला आणि घरून नेलेले श्रीखंड टाकून द्यावे लागले.

घरी आल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून तिच्यावर पाच अँपिअरचा भार लावला. वीस तास चालायला हवी होती ती नऊ तासांतच संपली. वजन केले तर जेमतेम सात किलो भरले. खऱ्या १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीचे वजन सामान्यतः दहा किलोच्या पुढे असते. तारेचे टोक चाकूने खरवडले तेव्हा आत चंदेरी अ‍ॅल्युमिनियम निघाले, तांब्याचा फक्त मुलामा होता. चार्जरच्या जागी तर साधा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच होता, जो प्रवाहावर कोणतेही नियंत्रण ठेवत नाही आणि लिथियमला लागणारा १४.२ ते १४.६ व्होल्टचा दाबही स्वतः निर्माण करू शकत नाही. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता हे पाहून मात्र श्रीखंडाचे दुःख एकदम विसरलो, कारण त्या तारा मुलांच्या आसनाखालून गेल्या होत्या.

आता मी स्मॉल क्लेम्स, म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांच्या न्यायालयात जाण्याच्या तयारीत आहे. तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो, पण माझ्याकडे बिल नाही. आहेत ते फक्त त्या कारागिराचे दोन संदेश, ज्यांत '१०० अँपिअर-अवर' आणि 'अस्सल तांबे' हे शब्द त्यानेच लिहिले आहेत. बॅटरी, रिले आणि खरवडलेली तार मी एका खोक्यात जपून ठेवली आहे.