ट्रामाडॉल सोडल्यानंतरचे नऊ महिने : मान, अर्धशिशी आणि मुनीमजींचे डेस्क

मी नागपुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. वय ४७. मान गेली सहा वर्षे दुखते आहे आणि अर्धशिशी त्याहून जुनी, कॉलेजच्या दिवसांपासूनची आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी सोडली आणि न्यूरॉलॉजिस्टांनी आखून दिलेल्या उपायांवर आले. त्याला आता नऊ महिने झाले. स्टाफरूममध्ये कुणी मला उशीबद्दल विचारते, कुणी पट्ट्याबद्दल, कुणी यंत्राबद्दल. म्हणून काय उपयोगी पडले, काय माळ्यावर गेले आणि कशाला किती वेळ लागला, ते एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

गोळीची सुरुवात अगदी साधी झाली. मान आखडली म्हणून एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले होते. त्यांनी ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दहा दिवसांसाठी दिली. ती इतकी छान लागू पडली, की दहा दिवसांचे दीड वर्ष कधी झाले ते कळलेच नाही. ट्रामाडॉल हे अफूच्या कुळातले औषध आहे आणि एप्रिल २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, हे मला त्या काळात ठाऊक नव्हते. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एकदा मला हटकलेही होते : "मॅडम, चिठ्ठी नवीन आणा जी, हे असं देता येत नाही." मी नवीन चिठ्ठी आणली. ती प्रत्येक वेळी दोन मिनिटांत मिळत गेली आणि तुम्ही दिवसाला किती गोळ्या घेता, हे चिठ्ठी देणाऱ्याने एकदाही विचारले नाही. माझी याबाबतची तक्रार तेवढीच आहे.

गेल्या वर्षीच्या मारबतीचा दिवस मला नीट आठवतो. आमचे घर महालात, मिरवणुकीच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर आहे. पोळ्याचा दुसरा दिवस, बाहेर ढोलताशे, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" हा गजर, आणि मी मागच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावून, बादली जवळ घेऊन पडलेली. त्या दिवशी सकाळपासून तीन गोळ्या झाल्या होत्या आणि चौथी हातात होती. डोके मात्र उजव्या डोळ्याच्या मागून तसेच ठणकत होते. दुखणे गोळीला जुमानत नाही, तरी हात गोळीकडेच जातो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले.

धंतोलीतल्या न्यूरॉलॉजिस्टांनी मला एकच प्रश्न विचारला : महिन्यातून किती दिवस गोळी घेता? मी म्हटले, लागेल तेव्हा. ते म्हणाले, हे उत्तर नाही. महिनाभर मोजून या. घरी जुना कोरा हजेरीपट पडला होता, त्यात आयत्याच ३१ रकान्यांच्या ओळी. एका ओळीत डोके दुखल्यास "ड", दुसरीत मानेसाठी "म", तिसरीत गोळीसाठी "गो". ऑक्टोबरच्या शेवटी बेरीज केली : डोकेदुखीचे २१ दिवस आणि गोळीचे २४ दिवस. वर्गातल्या कुठल्याही मुलाची हजेरी इतकी चांगली नव्हती.

मग त्यांनी जे समजावले ते मला दीड वर्षापूर्वी कुणी सांगायला हवे होते. डोकेदुखीच्या रुग्णाने साधे वेदनाशामक महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय औषधे, ट्रिप्टान आणि अर्गोटामाइन ही अर्धशिशीच्या झटक्यावरची औषधे किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतले, तर ते औषधच डोकेदुखी निर्माण करू लागते. गोळी कशासाठी घेतली याला महत्त्व नाही. मी ती मानेसाठी घेत होते, पण हिशेब डोके ठेवत होते. मान आणि डोके यांचे नातेही तेव्हाच कळले. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे संदेश आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे मानेचे दुखणे कपाळात जाणवते आणि अर्धशिशीची चाहूल पुष्कळदा मान आखडण्याने लागते. माझ्या एमआरआयच्या अहवालात मानेच्या मणक्यांमधली चकती फुगल्याचा उल्लेख होता आणि मी तो कागद कुंडलीसारखा सांभाळून ठेवला होता. डॉक्टरांनी तो बाजूला सारला. जपानमध्ये मानेचा कुठलाही त्रास नसलेल्या १२११ जणांची अशी तपासणी झाली होती आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या होत्या. हातात कमजोरी नाही, मुंग्या नाहीत, चालताना तोल जात नाही, तेव्हा चित्रापेक्षा स्नायूंकडे बघू, असे ते म्हणाले.

ट्रामाडॉल मी एकदम सोडले नाही आणि कुणीही तसे सोडू नये. चार आठवड्यांत, दर आठवड्याला अर्धी-अर्धी कमी करत, डॉक्टरांना फोनवर कळवत सोडले. तरीही नोव्हेंबर वाईट गेला. रात्री पाय स्वस्थ राहत नसत, थंडीत घाम येई, नाक गळे, जांभया थांबत नसत, आणि डोकेदुखीचे दिवस २१ वरून २३ झाले. सुरुवातीला दुखणे वाढेल, हे आधी सांगितलेले होते म्हणूनच मी टिकले. नाहीतर "बघा, गोळीशिवाय जमत नाही" असा निष्कर्ष काढून मी पुन्हा त्याच काउंटरवर उभी राहिले असते. शस्त्रक्रियेनंतर किंवा कर्करोगाच्या वेदनेत या औषधांची जागा मोठी आहे, त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही.

आता उपायांविषयी. झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांपैकी, लहानपणी दमा होता म्हणून प्रोप्रॅनोलॉल बाद झाले आणि रात्रीची अमिट्रिप्टिलीन सुरू झाली, आधी १० आणि मग २५ मिलिग्रॅम. ट्रामाडॉलबरोबर हे औषध देणे टाळायचे असल्याने ट्रामाडॉल पूर्ण सुटल्यावरच याची सुरुवात झाली. प्रतिबंधक औषधाचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. हे ज्याला माहीत नसते तो तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून बंद करतो. माझे वजन तीन किलोंनी वाढले. तोंडाला कोरड पडते, आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, ती कोरड म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. गोळी दहाऐवजी आठ वाजता घेऊ लागल्यावर सकाळची गुंगी मात्र गेली. प्रत्यक्ष झटका आला तर नॅप्रोक्सेन हे साधे वेदनाशामक किंवा रिझाट्रिप्टान हे ट्रिप्टान, दुखणे चढायच्या आत, आणि आठवड्यातून दोन दिवसांची मर्यादा काटेकोर पाळून. ट्रिप्टान हृदयविकार असलेल्यांना चालत नाही; माझा रक्तदाब आणि ईसीजी आधी बघितला गेला.

सर्वांत जास्त गुण दिला तो फिजिओथेरपीने, आणि सर्वांत जास्त कंटाळाही तिनेच आणला. मला वाटले होते शेक आणि मालिश असेल. प्रत्यक्षात मानेखाली रक्तदाबाच्या पट्ट्यासारखी एक हवेची पिशवी ठेवून ती २० पर्यंत फुगवली, आणि डोके न उचलता, फक्त "हो" म्हणताना हलते तितकी हनुवटी आत घेऊन काटा २२ वर नेऊन दहा सेकंद धरायला सांगितले. मला हसू आले. सहाव्या सेकंदाला मान थरथरू लागली आणि काटा घसरला, तेव्हा हसू मावळले. मानेच्या पुढच्या बाजूचे खोल स्नायू इतके दुबळे झाले होते, की सगळा भार मागचे आणि खांद्याचे स्नायू पेलत होते. काटा दोन-दोनने वाढवत ३० पर्यंत जायचे असते. पाच महिन्यांनी मी २८ वर पोचले आणि अजून तिथेच आहे. सुरुवातीचे दहा सेशन दवाखान्यात झाले, पुढे घरीच, घडी केलेल्या टॉवेलवर, सकाळी आणि निजताना.

वस्तूंमध्ये माझी पहिली पसंती जिला आहे ती विकत घेतलेली नाही. सासरे इतवारीत एका पेढीवर मुनीम होते; त्यांचे उतरत्या झाकणाचे सागवानी डेस्क माळ्यावर धूळ खात पडले होते. शाईचे डाग, दौतीचा खळगा, झाकणाखाली जुन्या पावत्या. मार्चअखेर अकरावीच्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला बसले आणि पहिल्या आठवड्यातच ओळीने "ड" पडू लागले. डोक्याचे वजन साधारण पाच किलो. सपाट टेबलावर ते तीन-तीन तास पुढे लोंबकळत ठेवले तर मान तक्रार करणारच. यजमानांनी ते डेस्क उतरवून जेवणाच्या टेबलावर ठेवले. कागद डोळ्यांसमोर उभा राहिला आणि मान सरळ झाली. दर वीस उत्तरपत्रिकांनंतर उठून माठातले पाणी प्यायचे, एवढा नियम जोडला. मार्चमध्ये तरी १४ दिवस लागलेच, पण एप्रिलमध्ये, तितक्याच उत्तरपत्रिका असताना, आठ. शे-दोनशे वर्षे हिशेब लिहिणाऱ्यांना जे कळत होते ते आम्ही सपाट टेबले घेऊन विसरलो, असे आपले मला वाटते.

अठराशे रुपयांची लाटांच्या आकाराची फोमची उशी माझ्यासाठी वाया गेली. दोन महिने नेटाने वापरली आणि सकाळची मान जास्तच ताठ होत गेली. गादीवाल्याकडून कापसाची पातळ उशी भरून घेतली, ती ठीक आहे. गळपट्ट्याने बरे वाटते, पण तो सतत घातल्यास स्नायू आणखी दुबळे होतात, म्हणून दिला टाकून. त्वचेवर पट्ट्या चिकटवून विजेचे सौम्य झटके देणाऱ्या टेन्स यंत्राबद्दल माझे मत मधले आहे. स्पर्शाचे संदेश वेदनेचे दार अंशतः लावून घेतात, या रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ते आधारलेले आहे. वीस मिनिटे लावले की तासभर मान हलकी होते, अर्धशिशीवर मात्र मला शून्य उपयोग. गरम पाण्याची पिशवी मानेला आणि बर्फाची पुरचुंडी कपाळाला, हे जोडपे पैशाच्या मानाने फार पुढे आहे. सासूबाईंचा सुंठेचा लेपही मी लावते. त्याने नक्की काय होते सांगता येणार नाही, पण तो लावून कुणी कामाला हात लावू देत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

स्कूटर सोडली. दीड किलोच्या आसपासचे हेल्मेट, वर गतिरोधकांचे हिसके, त्यापेक्षा अग्रसेन चौक ते शंकरनगर मेट्रो बरी. डोळ्यांवर ऊन येत नाही, हे उन्हाळ्यात फार झाले. कूलरचा झोत मानेवर येणार नाही अशी खाटेची दिशा बदलली. चहा पाच कपांवरून दोनवर आणला, तोही हळूहळू, कारण चहा एकदम तोडला तरी डोके दुखते.

हजेरीपटाने दाखवलेली एक गोष्ट मी स्वतःहून कधीच मानली नसती. जानेवारी ते मार्च अशा तीन ओळी एकाखाली एक बघताना तिन्ही महिन्यांत संकष्टीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी "ड" होता. चंद्रोदय नऊच्या पुढे, तोवर पोटात साबुदाणा आणि चहा. सावजीच्या रश्श्याला मी वर्षानुवर्षे दोष देत होते, त्याचा मात्र एकाही "ड"शी मेळ बसला नाही. सासूबाईंना हे कसे सांगावे याची मला चिंता होती. त्यांनी हजेरीपट हातात घेतला, चष्मा लावून तिन्ही ओळी पाहिल्या आणि म्हणाल्या, "तू दुपारी जेवून घेत जा, गणपतीला मी सांगते."

आकडे असे : डिसेंबर १७, जानेवारी १२, फेब्रुवारी ९, मार्च १४, एप्रिल ८, मे ११, जून ७, जुलै ६. जुलैमध्ये गोळीचे दिवस चार. मान आजही रोज संध्याकाळी जड होते आणि पूर्ण बरी होईल असे मला कुणी सांगितलेले नाही. माझ्या औषधांची नावे बघून कुणी स्वतःच्या मनाने ती सुरू करू नयेत. आणि डोकेदुखी अचानक, क्षणात, आयुष्यात कधी नव्हे इतकी तीव्र आली, तापासह मान ताठ झाली, बोलणे अडखळले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर हजेरीपट वगैरे बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

पुढच्या तपासणीत अमिट्रिप्टिलीन २५ वरून १० करून पाहायचे ठरले आहे. जुलैच्या सहा "ड"पैकी दोन आषाढी एकादशीच्या आसपासचे आहेत. त्या दिवशी मी हट्टाने कडक उपवास केला होता, आणि हे सासूबाईंना अजून माहीत नाही.