ड्राइव्हवे उत्तम, पण अंगणातलं डबकं हटेना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

बाकी सगळं नंतर, आधी डबक्याबद्दल. मागच्या अंगणात, गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाजवळ, भिंतीपासून हातभर अंतरावर परातीएवढं पाणी साचतं. खोली म्हणाल तर बोटाचं अर्धं पेरही बुडत नाही. पाऊस थांबल्यावर बाकीचं अंगण बघता बघता कोरडं होतं, हे मात्र दुसऱ्या दिवशीही तिथेच. वाळलं की कडेने मातीची बारीक रेघ उरते. घरच्यांना ते दिसत नाही, पाहुण्यांना तर नाहीच. मला दुसरं काही दिसत नाही, कारण पैसे मी मोजलेत.

ड्राइव्हवे आणि अंगण, दोन्हीकडच्या काँक्रीटची कामं एकाच स्थानिक ठेकेदाराला दिली. सगळ्यात स्वस्त दर त्याचा नव्हता. ज्याचा होता त्याने कागदावर फक्त क्षेत्रफळ आणि रक्कम लिहिली होती. जाडी किती, खाली खडीचा थर किती, जाळी कोणती, अवाक्षर नाही. 4 इंचांऐवजी 3 इंच ओतलं की माल थेट पाव हिश्शाने वाचतो आणि वरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मग तो दर स्वस्त कसला? माझ्या ठेकेदाराने अंगणाला 4 इंच, गाडीच्या जागी 5 इंच, खाली खडी दाबून, असं निदान लिहून दिलं. ओतायच्या आधी फळ्यांवरून आडवी सुतळी ताणून मी टेपने खोली तपासली. दोन ठिकाणी कमी भरली, तिथे त्याने कुरकुर न करता खाली खोदून घेतलं.

ओतायच्या दिवशी माल जरा घट्ट येत होता. एक कामगार लगेच पाण्याचा पाइप घेऊन सरसावला. पाणी घातलं की माल सहज पसरतो, पसरवणाऱ्याची कंबर वाचते. पण ते जादा पाणी पुढे उडून जातं, आत पोकळ्या राहतात, ताकद घटते आणि वरचा थर काही दिवसांनी झाडूबरोबर भुकटी होऊन निघायला लागतो. मी तोंड उघडायच्या आत ठेकेदारानेच पाइप हिसकावून बाजूला टाकला. वर सुटलेलं पाणी आटेपर्यंत कुणाला वरून घोटायचा रंधाही लावू दिला नाही, आणि ते लवकर आटावं म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरू दिलं नाही. इथे त्याला पैकीच्या पैकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कटर घेऊन आला आणि नव्याकोऱ्या ड्राइव्हवेवर सरळ रेघा कापत सुटला. त्या आठवड्यात हे लिहायला बसलो असतो तर ‘चांगल्या कामाची वाट लावली’ एवढंच लिहिलं असतं. आता मत बदललंय. काँक्रीट सुकताना आकसतं, त्यामुळे ते तडकणारच. कुठे तडकायचं एवढंच आपल्या हातात असतं. 4 इंची थराला साधारण 8 ते 10 फुटांवर, जाडीच्या पाव हिश्शाइतकी खोल चीर दिली की तिथे तो कच्चा राहतो आणि तडा तिथूनच जातो. परवा बॅटरी मारून पाहिलं. फाटकाजवळच्या चिरेच्या तळाशी बारीक तडा आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि चिरेबाहेर सूतभरही आलेला नाही. बाकी ड्राइव्हवेवर ओरखडा नाही.

नंतर घट्ट झालेलं काँक्रीट ओलं ठेवायला त्यावर पाणी मारण्यावरून मात्र जुंपली. ‘ते घरमालकाचं काम,’ असं तो म्हणाला, आणि कागदावर त्याबद्दल काही नव्हतं. शेवटी गोणपाट त्याने आणले, पाणी मी मारलं, आठवडाभर. तिसऱ्या दिवशी ‘गाडी घ्या आत बिनधास्त’ म्हणत होता, मी घेतली नाही. काँक्रीटची ताकद 28 दिवसांवर धरतात, आठवड्यात त्यातली साधारण दोन तृतीयांश येते. माझी गाडी तेवढे दिवस रस्त्यावर उभी राहिली तर काय बिघडतं?

आता पुन्हा डबकं. भिंतीपासून बाहेर फुटाला पाव इंच ढाळ ठरला होता. सगळीकडे आहे, पाणसळ लावून पाहिलंय. फक्त त्या पाइपामुळे माल सपाट करायची लांब पट्टी कोपऱ्यापर्यंत फिरवता आली नाही, तेवढा भाग हाताने, अंदाजाने केला गेला. पाणी तिथेच राहतं. ठेकेदाराला बोलावलं, त्याच्यासमोर बादली ओतली. तो म्हणाला, ‘साहेब, काँक्रीट आहे, काच नाही.’ मग म्हणाला, वरून सिमेंटचा हात मारून देतो. मी साफ नाही म्हटलं. असा पातळ थर जुन्या काँक्रीटला धरत नाही, पुढेमागे पापुद्रे निघतातच, आणि मग डबकंही माझं आणि पापुद्रेही माझे. शेवटचा हप्ता अडवून ठेवला म्हणून असेल, पण महिन्याभराने तो ग्राइंडर घेऊन आला आणि पुढचा उंचवटा घासून दिला.

डबकं निम्म्यावर आलं. मात्र घासलेल्या जागी आतली खडी उघडी पडली, झाडू ओढून केलेला खरखरीतपणा गेला, आणि ओल्या दिवसात नेमकी तिथे चप्पल सरकते. आता मला डबक्याबरोबर तो डागही दिसतो. हप्ता दिला, थोडी रक्कम कापून. त्याने वाद घातला नाही, यावरून काय समजायचं ते मी समजलो.

बाजूची पायवाट अजून करायची आहे. दर पुन्हा त्याच्याकडूनच मागवलाय. पाणी कोण मारणार हे यावेळी कागदावर आहे, आणि शेवटचा हप्ता त्याच्यासमोर बादली ओतून झाल्यावरच, हेही. अजून त्याने सही केलेली नाही.