हाडातला हायडॅटिड: नुसत्या गोळ्या की ऑपरेशन?

माझ्या मावशीच्या मणक्यात हायडॅटिड निघाला, म्हणजे कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टेपवर्मच्या अळीच्या गाठी. मुंबईत मणका दुखला की पहिला संशय टीबीचाच, एमआरआयमध्ये द्राक्षाच्या घडासारख्या पाण्याच्या पिशव्या दिसल्या तेव्हा कुठे कळलं. रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका हं, हाडाच्या केसमध्ये असं होतं.

गोळ्या म्हणजे अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने, मधेमधे लिव्हर आणि सीबीसी तपासायचं. तुपातेलासोबत ती नीट शोषली जाते, मावशी सकाळची गोळी तूप लावलेल्या पोळीसोबतच घेते. चिरफाड नाही हे खरं, पण लिव्हरमधल्या गाठीभोवती जाड कवच बनतं तसं हाडात बनत नाही, ती आतल्या आत पसरत जाते, म्हणून नुसत्या गोळ्यांवर क्वचितच भागतं.

ऑपरेशनमध्ये ट्यूमरसारखं आजूबाजूच्या हाडासकट काढतात. पिशवी फुटली तर अ‍ॅलर्जीचा जीवघेणा झटका येऊ शकतो, आणि मणक्यातलं सगळं निघेलच असं नाही, त्यामुळे आजार परत येतो.

मला विचाराल तर पायातली ताकद जायला लागली असेल तर ऑपरेशन टाळू नका, आणि नंतर गोळ्याही डॉक्टरांना न विचारता सोडू नका.