आर्माडिलोला हात न लावू देणारी सफर : कातिंगाच्या कोरड्या रानातले दोन दिवस

ब्राझीलच्या सेआरा राज्यात, क्रातेऊसच्या परिसरात, स्थानिक वाटाड्यांचा एक छोटा गट कातिंगा नावाच्या कोरड्या रानात दोन दिवसांची पायी सफर घडवून आणतो. नोंदणी करतानाच ते लेखी कळवतात की तातू-बोला, म्हणजे तीन पट्ट्यांचा ब्राझिली आर्माडिलो (अंगावर कवच असलेला एक छोटा सस्तन प्राणी), दिसेलच अशी हमी देता येणार नाही. दिसलाच तर त्याला हात लावायचा नाही, त्याची वाट अडवायची नाही आणि त्याने अंगाचा चेंडू करावा म्हणून त्याला डिवचायचे नाही. ही अट वाचूनच मी पैसे भरले. मला तो प्राणी प्रत्यक्ष दिसला नाही, तरीही ही सफर मी मनापासून सुचवेन.

या अटीचे मोल कळण्यासाठी त्या प्राण्याची अडचण समजून घ्यायला हवी. आर्माडिलोच्या इतक्या जातींपैकी फक्त दोनच जातींना अंग पूर्ण मिटून घट्ट गोळा होता येते. त्यातली एक दक्षिणेकडच्या चाको प्रदेशात राहते आणि दुसरी, म्हणजे हा तातू-बोला, ब्राझीलबाहेर कुठेच आढळत नाही. दात आणि नखे घेऊन येणाऱ्या शिकारी प्राण्यापुढे गोळा होणे हा चांगला बचाव आहे. माणसापुढे तोच बचाव जिवावर बेततो, कारण इतर आर्माडिलोंसारखा हा खोल बीळ खणून त्यात पसार होत नाही. तो जागच्या जागी मिटतो आणि माणूस त्याला उचलून पोत्यात टाकतो. आपल्याकडच्या खवले मांजराशी त्याचे नाते नाही, पण दोघांचे दुर्दैव एकाच जातीचे आहे. त्यातच मादीला सुमारे 120 दिवसांच्या गर्भावस्थेनंतर बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे शिकारीने झालेली घट भरून यायला फार वेळ लागतो. एके काळी ही जात संपलीच असावी असे अभ्यासकांना वाटत होते. 1990 च्या आसपास तिच्या पक्क्या नोंदी पुन्हा मिळाल्या.

पहिल्या दिवशी दुपारी वाटाड्यांनी आम्हाला त्यांच्या माहिती-खोलीत नेले. तिथे फळीवर एक जुने कवच ठेवले आहे, आणि ते हातात घेऊन पाहता येते. पाठीवरचे तीन पट्टे कातडीच्या घड्यांनी जोडलेले असतात. डोक्यावरची त्रिकोणी ढाल आणि शेपटीची ढाल शेजारी-शेजारी येऊन उरलेली फट अशी बुजवतात, की बोटाचे नखही आत शिरणार नाही. कवचाचा पृष्ठभाग खडबडीत, दाणेदार आहे. त्याच फळीवर फुलेकोचे रंग उडालेले खेळणे बसवले आहे. फुलेको म्हणजे तातू-बोलावरून घडवलेले, 2014 च्या ब्राझीलमधल्या फुटबॉल विश्वचषकाचे शुभचिन्ह. फुटबॉल आणि पर्यावरणशास्त्र या दोन अर्थांच्या पोर्तुगीज शब्दांतून त्याचे नाव घडवले होते. त्या वेळी काही शास्त्रज्ञांनी प्रत्येक गोलमागे कातिंगाचे 1,000 हेक्टर क्षेत्र संरक्षित करावे असे सुचवले होते. स्पर्धेत 171 गोल झाले. तो हिशेब कोणी पुरा केला नाही, आणि खेळणे हातात घेतल्यावर मला त्याचे फार वाईट वाटले. मात्र त्याच वर्षी या प्राण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला, आणि 2015 मध्ये पर्नाम्बुको राज्याने त्याच्याच नावाने एक लाखाहून अधिक हेक्टरचे वन्यजीव आश्रयस्थान घोषित केले, याची नोंदही त्या खोलीत आहे.

दुसऱ्या दिवशीची पहाटेची चाल हा या सफरीचा गाभा आहे. आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो. तिथल्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेत कातिंगा म्हणजे पांढरे रान, आणि पानगळ झालेल्या त्या करड्या-पांढऱ्या फांद्यांमधून चालताना हे नाव कोणी समजावून सांगावे लागत नाही. अधूनमधून एखादा जुआझेइरो वृक्ष मात्र भर उन्हाळ्यातही हिरवागार उभा असतो. उंबूच्या झाडाखाली वाटाड्याने मुळांवरच्या गाठींबद्दल सांगितले. पावसाचे पाणी त्या गाठींत साठवून ते झाड कोरडे महिने काढते. पुढे वाळवीच्या एका वारुळाला खालच्या अंगाने ताजी उकर पडली होती, आणि तिच्यापाशी आम्ही पाऊण तास तरी बसलो असू. मुंग्या आणि वाळवी हेच तातू-बोलाचे मुख्य अन्न. वाटाड्याने ती उकर त्याचीच असे छातीठोकपणे सांगितले नाही, इतर आर्माडिलोही वारूळ उकरतात असे प्रामाणिकपणे सांगितले, आणि याच प्रामाणिकपणामुळे त्याच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

कातिंगा वाचवणे म्हणजे नुसती शिकार थांबवणे नव्हे, हे या लोकांना नीट ठाऊक आहे. सरपण आणि कोळशासाठी होणारी तोड, शेळ्या-गुरांची चराई आणि शेतीसाठी लावली जाणारी आग यांनी या रानाचे लचके तोडले आहेत. दुपारचे जेवण ज्या घरी होते, तिथे कमी लाकडात जळणारी सुधारित चूल आहे आणि अंगणात पावसाचे पाणी साठवण्याची टाकी आहे. याच भागात सेरा दास आल्मास हे सहा हजारांहून अधिक हेक्टरचे खाजगी राखीव रान आहे. ब्राझीलच्या कायद्यानुसार असे रान एकदा नोंदवले की जमीन विकली तरी संरक्षण कायम राहते. वाटाड्यांनी हा मुद्दा इतक्या सोप्या रीतीने समजावला, की सोबतच्या शाळकरी मुलीनेही त्यावर दोन प्रश्न विचारले.

आता तक्रारी. सेआराची राजधानी फोर्तालेझा इथून येण्यासाठी मी स्वतंत्रपणे ठरवलेल्या गाडीच्या चालकाने, थोडे जास्तीचे पैसे दिल्यास आर्माडिलो हातात धरून फोटो काढता येईल, असा माणूस गाठून देण्याची तयारी दाखवली. वन्य प्राणी पकडणे हा तिथे 1998 च्या कायद्याने गुन्हा आहे. मी नकार दिला आणि वाटाड्यांना सांगितले; त्यांनी तपशील लिहून घेतले. या सफरीचा त्यात काहीच दोष नाही, पण गाडी कोणाकडून घ्यावी याची सूचना त्यांनी आधीच द्यायला हवी होती. माहिती-खोलीतले सगळे फलक फक्त पोर्तुगीजमध्ये आहेत. शुल्कातला काही भाग आगपट्टे (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ ठेवण्यासाठी आणि रानातल्या कॅमेऱ्यांसाठी जातो असे तोंडी सांगतात. किती जातो हे पावतीवर लिहिले, तर देणाऱ्याला देण्याचे अधिक समाधान मिळेल. दुसऱ्या दिवशीच्या वाटेवर सावली जवळजवळ नाही, त्यामुळे त्यांच्या यादीत लिहिलेल्या पाण्याच्या दुप्पट पाणी न्यावे.

हिरवे रान पाहायचे असेल तर पावसाळ्यात, साधारण फेब्रुवारी ते मे दरम्यान जावे. कोरडे पाहायचे असेल तर ऑक्टोबर उत्तम. जमल्यास परतीच्या संध्याकाळी घाई करू नये, कारण तेव्हा ते कॅमेऱ्यातली चित्रफीत दाखवतात. आमच्या वेळी ती जेमतेम अकरा सेकंदांची होती. काळोखात एक तातू-बोला नाक जमिनीला लावून, पुढच्या पायांच्या नखांच्या टोकांवर तुरुतुरु चालत आला, क्षणभर थांबला आणि अंग न मिटताच चौकटीबाहेर निघून गेला.