न उघडलेल्या इंजिनाचे 34 हजार

ज्यांच्या होडीला जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन) आहे आणि जे ते दुरुस्तीला टाकायच्या विचारात आहेत, त्यांनी हे आधी वाचावं. आमचे 34 हजार गेले, पावसाळी मासेमारीबंदीनंतरचे कमाईचे आठवडे गेले आणि चांगलं इंजिन भंगाराच्या भावात जाता जाता वाचलं. बिघाड होता पेट्रोलच्या नळीत.

आमची फायबरची होडी मालवण तालुक्यातली. इंजिन 40 हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, 703 सीसी, आमच्याकडे येण्याआधीही बरंच चाललेलं. 31 जुलैला मासेमारीबंदी संपली, होडी पाण्यात गेली आणि इंजिनाने त्रास द्यायला सुरुवात केली. दोरी ओढली की लगेच सुरू. खाडीत हळू चालवा, काही तक्रार नाही. मुखाबाहेर जाऊन फुल रेस दिली की थोड्या वेळात आवाज बसायचा, इंजिन घुसमटायचं आणि बंद पडायचं. जरा थांबून दोरी ओढली की परत सुरू, आणि परत तेच. आम्ही प्लग बदलले, पेट्रोल-तेलाचं प्रमाण पाहिलं (50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली). फरक पडला नाही, म्हणून इंजिन उतरवून मेकॅनिककडे नेलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याने केलं काय ते सविस्तर लिहितो, कारण ही पद्धत एकट्या त्याची नसावी.

त्याने कव्हर काढलं, वरचा एकच प्लग काढला, दाब मोजायचा गेज लावला आणि दोरी दोनदा हलकेच ओढली. काटा 60 पीएसआयवर थांबला. बाबांना जवळ बोलावून त्याने काटा दाखवला. "काकानू, कॉम्प्रेशन गेला. पिस्टन बदलूचे लागतले." काट्यावरचा आकडा डोळ्यांनी दिसत असताना कोण काय बोलणार?

तो आकडा खोटा होता आणि तो कसा काढतात हे प्रत्येक होडीवाल्याला माहीत असायला हवं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघताना इंजिन आधी गरम करायचं. दोन्ही प्लग काढायचे. प्लगच्या वायरी इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवायच्या, म्हणजे बाहेर ठिणगी पडून पेट्रोलची वाफ पेटत नाही. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, पूर्ण उघडायचा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी जोरात ओढत राहायची. थ्रॉटल बंद ठेवला तर सिलिंडरला हवाच मिळत नाही, मग धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. शिवाय एका आकड्याला तसा फारसा अर्थ नाही, दोन्ही सिलिंडरचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. त्यांत 10 ते 15 टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर काळजी करायची.

त्याने 34 हजार सांगितले: दोन पिस्टन, रिंगा, गॅस्केट, बोअरचं (सिलिंडरच्या पोकळीचं) काम, मजुरी. जुने पार्ट परत हवेत असं बाबांनी बजावलं होतं, म्हणून इंजिन आणायला गेलो तेव्हा त्याने कागदात गुंडाळलेला एक खरवडलेला पिस्टन हातात ठेवला. दुसरा म्हणे तुकडे होऊन फेकला. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून त्यावर बेरीज करून दिली. पैसे फोनवरून पाठवले होते, ही नोंद पुढे कामाला आली. मग त्याने ड्रमातल्या पाण्यात इंजिन चालवून दाखवलं. सुंदर चाललं. टाकी आणि नळी मात्र त्याच्या दुकानातली होती.

आमची टाकी लावून समुद्रात गेलो आणि इंजिन पुन्हा बसलं. ओहोटीची वेळ, वारा बाहेरचा, बाबा आणि एक खलाशी वल्ही मारत मागे आले. मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, ब्लॉकला क्रॅक असणार, आता ह्यात पैसे घालू नका, 25 हजाराला मी उचलतो, नवीन घ्या. वर "ओळखीत आहात म्हणून" हेही. बाबा जवळजवळ तयार झाले होते.

देवगडचे मामा त्याच आठवड्यात घरी आले. हयात समुद्रावर गेलेला माणूस. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. होडी बाहेर काढायला लावली, फुल रेस द्यायला सांगितली आणि स्वतः टाकीशी बसून नळीवरच्या रबरी फुग्याकडे, प्रायमर बल्बकडे, बघत राहिले. इंजिन घुसमटायला लागलं तसा फुगा चपटा होत गेला, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. मामांनी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आणखी सैल केला, तरी फुगा चपटाच. फुगा चपटा पडतो याचा अर्थ इंजिन पेट्रोल ओढतंय, पण फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, ते अडतंय. फुगा कडक राहून इंजिन बंद पडत असतं तर पुढे पंप, फिल्टर, कार्बोरेटरकडे बघावं लागलं असतं.

किनाऱ्यावर येऊन त्यांनी टाकी ते फुगा एवढी नळी सोडवली आणि कोयत्याने उभी चिरली. बाहेरून नळी ठीकठाक. आतला पातळ थर मात्र सापाच्या कातीसारखा सुटून आला होता. हळू चालताना पेट्रोल त्याच्या कडेने निघून जायचं, ओढ वाढली की तो थर आत मिटायचा आणि वाट बंद व्हायची. जुन्या नळ्यांचं रबर इथेनॉल सोसत नाही. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आणि आमची नळी त्याच्या कितीतरी आधीची. नवी नळी आणि फुगा मिळून साधारण 1,200 रुपये लागले. इंजिन त्याच संध्याकाळी नीट पळालं.

मग मामांनी कव्हर काढलं आणि मला हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट दाखवले. बोल्टच्या डोक्यावर, वॉशरच्या कडेवर आणि हेडवर कंपनीचा रंग सलग होता, सांध्यात कुठे तडासुद्धा नाही. पाना एकदा जरी फिरला तरी तो रंग फुटतोच. "ह्या हेड कोणी उघडूकच नाय," ते म्हणाले. प्लगच्या भोकातून बॅटरी मारली तर पिस्टनच्या माथ्यावर वर्षानुवर्षांचा काळा कार्बन बसलेला. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल उघडून गेज लावला: 118 आणि 120.

राहिला तो कागदातला पिस्टन. आमच्या इंजिनाचा बोअर 80 मिलिमीटर. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला तर पिस्टन 67 भरला. पिस्टन बोअरपेक्षा केसभर लहान असतो, 13 मिलिमीटर नाही. दुसऱ्याच कुठल्या लहान इंजिनातला जळका पिस्टन आमचा म्हणून दिला होता.

मला सर्वांत जास्त राग ड्रमाचा येतो. स्वतःच्या टाकीवर इंजिन सुरळीत चालतं हे मेकॅनिकने बघितलं होतं. दुसऱ्याची टाकी-नळी लावून बघणं ही या कामातली पहिली, फुकटची चाचणी आहे. म्हणून इंजिन ताब्यात घेताना आपलीच टाकी लावा आणि फुल रेसची चाचणी समुद्रात घ्या. ड्रमात इंजिनावर समुद्रासारखा भार येत नाही, तिथे असे बिघाड दिसतच नाहीत. दुरुस्तीला देण्याआधी हेडच्या बोल्टांचे आणि नंबर प्लेटचे फोटो काढा.

विचारायला गेलो तेव्हा तो म्हणाला, धंद्याची होडी आहे, ग्राहक कोर्टात चालत नाही. हेही खोटं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि 1915 या हेल्पलाइनवर आधी विचारता येतं.

रजिस्टर पोस्टाने नोटीस गेल्यावर त्याने 20 हजार परत केले आणि "काही तक्रार नाही" असं लिहून मागितलं. बाबांनी सही केली नाही. उरलेल्या 14 हजारांचा आणि बुडालेल्या कमाईचा अर्ज तयार आहे. पिस्टन, वहीचा कागद आणि चिरलेली नळी आम्ही जपून ठेवली आहे. आमच्या भागात आणखी कुणाला "तुमचा जुना पिस्टन" म्हणून असा तुकडा मिळाला असेल, तर तो फेकू नका. व्हर्नियर लावा, आणि मापं जुळली नाहीत तर आमच्याबरोबर तक्रारीला या.