बोली लावून घेतलेल्या हॉटेलच्या खोल्या, माझे भले-बुरे अनुभव

परवा मैत्रिणीच्या मुलीने विचारलं, मावशी तुम्ही म्हणे पूर्वी हॉटेलवाल्यांना आपणच भाव सांगायचात आणि ते ऐकायचे, खरं का? म्हटलं खरंय. ऐकायचे. कधीकधी नको तेव्हा ऐकायचे आणि मग आपण अडकायचो. तिला सगळं सांगत बसले तर तास गेला, म्हणून लिहूनच काढते.

तर प्राइसलाइन, प्रवासाचं बुकिंग करायची अमेरिकेतली वेबसाइट. जे वॉकर नावाच्या माणसाने काढली, 1998 मध्ये सुरू झाली, टीव्हीवर जाहिरातीत स्टार ट्रेकमधला कॅप्टन कर्क म्हणजे विल्यम शॅटनर. विमानाचं तिकीट, हॉटेल, भाड्याची गाडी, सगळ्याला 'तुमचा भाव तुम्हीच सांगा'. मध्ये एकदा तर पेट्रोल आणि किराण्यालाही हाच प्रकार करून बघितला होता त्यांनी, तो 2000 मध्येच गुंडाळला. (दुधाच्या कॅनला बोली लावायची म्हणजे जरा अतीच.) पण हॉटेलचं प्रकरण चाललं, आणि आम्ही न्यूजर्सीत आलो तेव्हा ऑफिसातले निम्मे देशी लोक सोमवारी सकाळी हेच बोलायचे, कोणाला बॉस्टनला किती डॉलरला काय मिळालं. एका तेलुगू मुलाकडे तर एक्सेल शीट होती, शहर, झोन, स्टार, तारीख, मान्य झालेला भाव. सुट्टीला कुठे जायचं असेल तर आधी त्याला कॉफी पाजायची.

पद्धत अशी. शहर निवडायचं, नकाशावर त्या शहराचे झोन पाडलेले असायचे त्यातले हवे ते टिक करायचे, किती स्टारचं पाहिजे ते सांगायचं, एका रात्रीचे किती देणार ते लिहायचं आणि मग, मेख इथेच आहे, कार्डाचा नंबर आधी द्यायचा. एखाद्या हॉटेलला तुमचा भाव पटला की पैसे त्याच क्षणी कापले जायचे, आणि नंतर हॉटेलचं नाव दिसायचं. रद्द करणं नाही, तारीख बदलणं नाही, पैसे परत नाहीत. भाव नाही पटला तर 24 तास थांबा, नाहीतर काहीतरी बदला, म्हणजे झोन वाढवा किंवा स्टार कमी करा, मग लगेच परत बोली लावता यायची.

ह्यातच एक शक्कल होती. समजा मला शिकागो डाउनटाउनमध्ये चार स्टार पाहिजे. मग नकाशात असा झोन हुडकायचा की जिथे चार स्टारचं हॉटेलच नाही, तो एकटा टिक केला की चार स्टारचा पर्याय फिका पडायचा, त्यावरून कळायचं. पहिली बोली फुकट गेली की तो झोन जोडायचा. साईटच्या हिशोबाने मी बोली बदलली, पण मिळणार तर डाउनटाउनचंच. असे दोन-तीन रिकामे झोन सापडले की एका बैठकीत पाच-पाच डॉलरने चढत जाता यायचं. मुलं झोपली की मी हेच करत बसायचे. नवरा म्हणायचा तू रमी का नाही खेळत, त्यात निदान पत्ते तरी दिसतात.

सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना हे समजावून सांगितलं. बाबा सांगलीचे, आयुष्यभर मंडईत घासाघीस केलेली. त्यांना घासाघीस लगेच कळली, बाकीचं काही पटेना. "अगं, खोली बघायच्या आधी पैसे दिलेस? दुकानाचं नाव माहीत नाही, माल बघितला नाही, नि पैसे दिलेस?" मी म्हटलं बाबा, रात्री साडेआठला मंडईतला माणूस कोथिंबिरीची जुडी कशी देतो, काय द्यायचं ते द्या म्हणतो ना? कारण उद्या ती सुकणार. हॉटेलच्या खोलीचं तसंच आहे, आजची रात्र रिकामी गेली की ती गेली, उद्या विकता येत नाही. मग म्हणाले, तर त्याने सरळ पाटी लावावी ना, लपवतो कशाला? तर त्याचंही कारण आहे. मोठ्या हॉटेलाने 200 ची खोली 80 ला अशी पाटी लावली तर ज्यांनी आधीच 200 भरलेत ते काउंटरवर येऊन भांडणार, आणि पुढच्या वेळी 200 कोणी देणार नाही. म्हणून झाकली मूठ. नाव उघड न करता फक्त अशा गिऱ्हाइकाला द्यायची ज्याला कुठलंही चालतं. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला कुठलंही चालतं असं तुम्ही लिहून देताय." मला तेव्हा हसू आलं. नंतर कळलं की अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं.

चांगलं आधी सांगते. 2011 ला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन शिकागोला होतं. अधिवेशनाच्या हॉटेलचा दर आम्हाला जड वाटत होता, म्हणून मी दोन आठवडे आधी बोली लावायला बसले. 60 नाही, 65 नाही, 75 नाही, 82 ला मान्य! चार स्टार, मिशिगन अव्हेन्यूपासून दोन मिनिटं, अठराव्या मजल्यावर, खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसत होता. टॅक्स आणि त्यांची फी धरून शंभरच्या आसपास गेलं तरी त्या जागी त्या दिवसांत हे म्हणजे लॉटरीच. फक्त एक झालं, अधिवेशनाच्या शटल बस फिरत होत्या त्या ठरलेल्या हॉटेलांना, आमच्याकडे कोण येणार. तीन दिवस नऊवारी नेसून टॅक्सी शोधली मी. वाचलेल्यातले बरेच पैसे टॅक्सीवाल्याला गेले, पण ती खिडकी मात्र अजून आठवते.

दोघंच असाल तर हा प्रकार खरंच भारी होता. फिलाडेल्फिया, बॉल्टिमोर, एकदा तर फक्त झोपायला म्हणून विमानतळाच्या झोनमध्ये 38 डॉलरला, कधी तक्रार नाही.

मुलं बरोबर असली की मात्र गंमत गेलीच. नियमात स्पष्ट होतं की खोली दोन माणसांची मिळेल, पलंग कसा असेल ते सांगत नाही. हे वाचलेलं असतं हो, पण 'देतील की दोन पलंग, मागितलं तर' असं आपलं असतं. एका मोठ्या शहरात रात्री अकराला चौघं पोचलो, मोठी सात वर्षांची, धाकटा खांद्यावर झोपलेला, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो तुमचं सवलतीचं बुकिंग आहे, एकच किंग बेड शिल्लक आहे. जादा कॉट? 25 डॉलर, पण आज सगळ्या गेल्यात. खोली लिफ्टला चिकटून, प्रत्येक वेळी लिफ्ट आली की टिंग. गाडीत सतरंजी होती, सासूबाईंनी दिलेली, जाड सोलापुरी, ती कपाट आणि पलंगाच्या मधल्या फटीत अंथरून नवरा झोपला आणि रात्रभर टिंग मोजत होता म्हणाला. हॉटेलचं नाव घेत नाही, कारण नंतर बऱ्याच जणांकडून ऐकलं की बोलीच्या गिऱ्हाइकाला उरलेली खोली हे बऱ्याच ठिकाणी चालायचं. पण ती बोलण्याची पद्धत, 'सवलतीचं बुकिंग', लाइनीतल्या मागच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, ती नाही विसरले.

आणि वरचे खर्च. मोठ्या शहरात 70 ला खोली घेतली की पार्किंगचे 45 द्यायचे हे एकदा भोगलं की कळतं. लास व्हेगासला रिसॉर्ट फी म्हणून दर रात्रीचे वेगळे घेतले, कशाचे तर म्हणे स्विमिंग पूल आणि जिम, आम्ही त्या स्विमिंग पूलकडे बघितलं पण नाही. ही फी बोलीत धरलेलीच नसायची, काउंटरवर द्यायची.

अजून एक गोष्ट जी आपल्या लोकांना लवकर कळत नाही, जास्त स्टार म्हणजे आपल्यासाठी जास्त चांगलं असं अजिबात नाही. चार स्टारला तेव्हा फ्रीज नसायचा, मायक्रोवेव्ह नसायचा, वायफायचे पैसे, नाश्त्याचे माणशी वीस. अडीच स्टारला नाश्ता फुकट, पार्किंग फुकट, कधीकधी खोलीत छोटं स्वयंपाकघर. सासू-सासऱ्यांना घेऊन फिरताना तर अडीचच. आई सकाळी भिजवलेले पोहे मायक्रोवेव्हमध्ये करायच्या, फोडणी घरून डबीत आणलेली, आणि बाबा खाली फुकट नाश्त्याला जाऊन केळी आणि दह्याचे कप खिशातून वर आणायचे. मी नको नको म्हणायचे. ते म्हणायचे, भावात धरलंय ते.

आता वाईट. म्हणजे वाईट काय, चूक सगळी माझीच.

2010 चा उन्हाळा, आई-बाबांना नायगारा दाखवायचा. आमच्याकडून साडेसहा-सात तासांची ड्राइव्ह. मी नेहमीप्रमाणे रात्री साडेबाराला बसले. पहिली बोली अमेरिकन बाजूला, अडीच स्टार, 55, नाही. 60, नाही. रिकामे झोन संपले. चिडून दुसरी विंडो उघडली, परत नायगारा फॉल्स टाइप केलं, खाली दोन नावं आली, एकापुढे एनवाय, म्हणजे न्यूयॉर्क, आणि एकापुढे ओएन. ओएनला चार स्टार दिसत होतं! इथे अडीचला नाही म्हणतात आणि तिथे चार आहे, म्हटलं लावून तर बघू, 70. गोल गोल फिरलं आणि अभिनंदन. पैसे गेले. मग हॉटेलचं नाव आलं, एकदम उंच, धबधब्याच्या समोरचं, मी नवऱ्याला उठवायलाच निघाले होते, तेवढ्यात पत्ता वाचला. ओएन म्हणजे ऑन्टॅरिओ. कॅनडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, धबधबा दोन देशांच्या मध्ये आहे, मध्ये नदी, वर रेनबो ब्रिज, पुलाच्या पलीकडे कॅनडा. आणि आमच्या सगळ्यांचे पासपोर्ट भारताचे, कॅनडाचा व्हिसा कोणाकडेच नाही. अमेरिकेच्या व्हिसावर पूल ओलांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडच्या बाई खूप नीट बोलल्या, पण नियम तोच, जो मी स्वतः खूण करून मान्य केला होता. दोन रात्रींचे टॅक्स धरून 160 च्या वर गेले. शेवटी अमेरिकन बाजूला एक मोटेल घेतलं, सरळ फोन करून, 89 देऊन, कारण वीकेंड. बोलीत 65 द्यायला जीव जात होता माझा.

घरात ठरलं की बाबांना सांगायचं नाही. पण सात तास गाडीत मुलं असताना काय राहतं गुप्त. वाटेत सिराक्यूज शहराच्या आधी मोठीने सांगून टाकलं, आजोबा आईने चुकून कॅनडाचं हॉटेल घेतलं. बाबा काही बोलले नाहीत. पुढचा तासभर गाडीत फक्त जीपीएसवालीच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मेड ऑफ द मिस्टमध्ये, म्हणजे धबधब्याजवळ नेणाऱ्या बोटीत, निळे रेनकोट घालून सगळे चिंब झालो, आई तर पाण्याला हात जोडून उभ्या. रात्री परत धबधब्याशी गेलो, दिवे सोडतात ते बघायला. समोर नदीपलीकडे कॅनडाची हॉटेलं, एकापेक्षा एक उंच, सगळ्या खिडक्या पेटलेल्या. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ तिकडे बघत होते. मग मला म्हणाले, "त्यातली आपली कुठली गं?" मी बोट दाखवलं. "दिवा बंद आहे बघ एका खोलीतला," म्हणाले. "तीच असणार."

तिथेच हसून हसून बसले मी खाली. रडले पण थोडी, खरं सांगायचं तर.

आता ती बोली राहिली नाही. विमानाची 2016 मध्ये बंद केली, मग पुढे हॉटेलांची पण गेली. त्यांनी 2005 मध्ये घेतलेली बुकिंग डॉट कॉम एवढी मोठी झाली की 2018 मध्ये अख्ख्या कंपनीचंच नाव बुकिंग होल्डिंग्ज केलं. आता जे आहे ते म्हणजे प्राइसलाइनची एक्सप्रेस डील किंवा हॉटवायर नावाच्या तशाच साईटची हॉट रेट, भाव त्यांचा, नाव झाकलेलं, घ्यायचं तर घ्या. त्यातही पैसे परत नाहीत हे तसंच. पण आता लोकांनी दिलेले गुण दिसतात, सोयींची यादी दिसते, ती पूल-पार्किंग-नाश्त्याची यादी नेहमीच्या हॉटेलांशी जुळवून बघितली की नाव बऱ्याचदा ओळखता येतं. दोन वर्षांपूर्वी वॉशिंग्टनला असंच घेतलं, मी ओळखलं होतं तेच निघालं. छान होतं. पण मजा नाही आली, पत्ते दिसत असताना रमी खेळल्यासारखं.

माझ्याकडून गुण? जुन्या बोलीला दोघांसाठी पाचपैकी साडेचार, चौघांसाठी दीड. आत्ताच्या झाकल्या डीलला तीन, तेही एक रात्र, गाडी नसेल आणि बेत बदलायचा नसेल तर. लग्न, मुंज, व्हिसाचा इंटरव्ह्यू, म्हातारी माणसं, असं काही असेल तर सरळ हॉटेलला फोन करा, दोन पलंग मागून घ्या, चार पैसे जास्त जाऊ देत.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत, प्रवास होत नाही. पण आम्ही कुठे निघालोय म्हटलं की सांगलीहून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "खोली घेतलीस का? आणि कुठल्या देशात?"